दोन टॅग, एक डायजेस्ट: खासगी इमेज रजिस्ट्री उभारताना

डॉकर म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका गठ्ठ्यात, म्हणजे इमेजमध्ये, भरून ते मशीनवर चालवायचं साधन. अशा इमेज साठवायची आणि वाटायची जागा म्हणजे रजिस्ट्री. आमच्या टीमकडे बरेच दिवस रजिस्ट्री नव्हतीच. इमेज बिल्ड मशीनवर तयार व्हायची, ‘डॉकर सेव्ह’ने तिची टार फाइल काढायची, ती सर्व्हरवर कॉपी करायची आणि तिथे ‘डॉकर लोड’ चालवायचं. सर्व्हर दोन होते तोवर हे निभावलं. चार झाले तेव्हा प्रत्येक रिलीझला जवळपास ९०० एमबीची फाइल चार वेळा हलवावी लागायला लागली. आणि त्यात नवीन किती असायचं? आमच्या कोडचा सगळ्यात वरचा लेयर (इमेज अशा थरांची बनते), तीन-चार एमबीचा. खालची ऑपरेटिंग सिस्टिम, रनटाइम, लायब्ररी, सगळं कालचंच.

त्याहून जास्त खटकायचं ते दुसरंच. कुठल्या सर्व्हरवर नेमकी कुठली इमेज चालू आहे, हे खात्रीने सांगता यायचं नाही. ग्राहकांचे फोन घेणारी आमची सहकारी दर दोन दिवसांनी विचारायची, “अगं, तिसऱ्या सर्व्हरवर कालचा बदल गेलाय ना?” मी टर्मिनल उघडून, फाइलच्या नावातली तारीख बघून “गेलाय बहुतेक” म्हणायचे. त्या ‘बहुतेक’चा मला मनापासून त्रास व्हायचा.

सार्वजनिक रजिस्ट्रीवर खासगी जागा घेण्याची चर्चा झाली. पण इमेजमध्ये आमचा सगळा कोड असतो आणि आमचे सर्व्हर अंतर्गत नेटवर्कमध्येच असतात. त्यामुळे रजिस्ट्री आपल्याच मशीनवर ठेवायची असं ठरलं. अट एकच होती, ती ब्राउझरमध्ये दिसली पाहिजे. चाचणी करणारे आणि फोन घेणारे दोघंही टर्मिनल वापरत नाहीत, आणि त्यांना दर वेळी मला विचारावं लागू नये हाच तर सगळ्या खटाटोपाचा हेतू होता.

पहिली रजिस्ट्री एका कमांडमध्ये उभी राहिली. ‘रजिस्ट्री’ नावाची अधिकृत इमेज आहे. ती कंटेनर (चालू केलेली इमेज) म्हणून चालवायची आणि ५००० पोर्ट उघडा करायचा, की झालं. यामागचा मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्प डिस्ट्रिब्यूशन. पायथनमधली जुनी रजिस्ट्री मागे टाकून हा गो भाषेत नव्याने लिहिला गेला, त्याची २.० आवृत्ती २०१५ मध्ये आली, आणि २०२१ मध्ये तो असे मुक्त प्रकल्प सांभाळणाऱ्या क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे सोपवला गेला. ३.० आली २०२५ मध्ये. आमची उभारणी त्याआधीची, म्हणून इथे लिहिलेलं सगळं २ च्या मालिकेबद्दल आहे.

एका कमांडने उभी राहिलेली रजिस्ट्री दुसऱ्या दिवशी रिकामी दिसली. कंटेनर काढून नव्याने चालवला होता आणि डेटासाठी व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेर टिकणारी साठवण, मी स्वतः जोडला नव्हता. इमेज गेल्या होत्या एका बिननावाच्या व्हॉल्यूममध्ये, आणि नव्या कंटेनरला मिळाला दुसराच, कोरा व्हॉल्यूम. डिस्कवर एक ठरलेली डिरेक्टरी करून ती जोडली आणि पुढे गेले.

नावाची गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी, कारण तिथे धोका खरा होता. अंतर्गत नेटवर्कमध्ये त्या मशीनचं नाव नुसतं ‘रजिस्ट्री’ होतं. म्हणून मी इमेजला ‘रजिस्ट्री, तिरकी रेघ, ॲपचं नाव’ असा टॅग, म्हणजे नाव, लावला आणि पुश केलं, म्हणजे इमेज रजिस्ट्रीकडे पाठवली. उत्तर आलं, परवानगी नाकारली. मी अर्धा तास आमच्या मशीनचे लॉग चाळत बसले, पण तिथे विनंतीची नोंदच नव्हती. ती आमच्याकडे आलीच नव्हती! पहिल्या तिरक्या रेघेआधीच्या भागात टिंब किंवा कोलन असेल, किंवा तो शब्द ‘लोकलहोस्ट’ असेल, तरच डॉकर त्याला होस्ट मानतो. नाहीतर ते डॉकर हब या सार्वजनिक रजिस्ट्रीवरच्या एखाद्या खात्याचं नाव असं धरून तिकडे पाठवायला निघतो. आमचं तिथे तसं खातं नव्हतं म्हणून नकार मिळाला. खातं असतं, तर आमचा कोड बाहेर गेला असता. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक मशीनला टिंब असलेलं पूर्ण नाव असतं, आणि बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये टॅगची सुरुवात तपासल्याशिवाय पुश होत नाही.

मग टीएलएस, म्हणजे जोडणी कूटबद्ध करणं. स्वतःच्याच मशीनवर, म्हणजे लोकलहोस्टवर, डॉकर साधं एचटीटीपी चालवून घेतो. दुसऱ्या मशीनवरून मात्र तो एचटीटीपीएसच मागतो, आणि समोरून साधं उत्तर आलं की तसं स्पष्ट सांगून थांबतो. डॉकर डेमनच्या (मागे सतत चालणाऱ्या त्याच्या प्रक्रियेच्या) सेटिंगमध्ये ‘असुरक्षित रजिस्ट्री’च्या यादीत आपलं नाव घालून हे टाळता येतं. मी ते केलं नाही. ती नोंद प्रत्येक मशीनवर करावी लागते, एकदा केली की कुणी काढत नाही, आणि पुढे पासवर्ड लावल्यावर तो त्याच उघड्या तारेवरून जातो.

मी सर्टिफिकेटवर सही करणारी स्वतःची सर्टिफिकेट ऑथॉरिटी बनवली आणि सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट काढलं. ब्राउझरने इशारा दिला, पण पान दाखवलं. डॉकरने साफ नकार दिला. तक्रार अशी की सर्टिफिकेट जुन्या ‘कॉमन नेम’ रकान्यावर विसंबून आहे. मी कुठल्यातरी जुन्या टिपणावरून कमांड घेतली होती आणि त्यात होस्टचं नाव फक्त त्याच रकान्यात जात होतं. गो भाषेने २०२० मध्ये, १.१५ या आवृत्तीपासून, त्या रकान्याकडे बघणं सोडलं. डॉकर गोमध्येच लिहिलेला आहे, त्यामुळे नाव ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’मध्येच असावं लागतं. सर्टिफिकेट नव्याने काढलं. आमच्या ऑथॉरिटीचं सर्टिफिकेट प्रत्येक मशीनवर डॉकरच्या सर्टिफिकेटांच्या डिरेक्टरीत, होस्ट आणि पोर्टच्या नावाच्या उपडिरेक्टरीत ठेवलं, तेव्हा लॉगिन झालं.

हे वाटप हाताने करायचा कंटाळा सहा महिन्यांत आला. आता आम्ही लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या ऑथॉरिटीचं सर्टिफिकेट डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) नोंदीच्या पडताळणीने घेतो. मशीन इंटरनेटला उघडं करावं लागत नाही आणि कुठल्याच क्लायंटवर काही ठेवावं लागत नाही. फक्त ते ९० दिवसांचं असतं, म्हणून नूतनीकरण आपोआप झालं की नाही यावर पहारा ठेवावा लागतो. आज सुरुवात करत असते, तर पहिल्या दिवशीच या वाटेने गेले असते.

पासवर्डबद्दल थोडक्यात. रजिस्ट्रीची साधी पासवर्ड फाइल फक्त बीक्रिप्ट या पद्धतीने सांकेतिक केलेले पासवर्ड मानते, दुसऱ्या पद्धतीचे नाही. आणि ‘डॉकर लॉगिन’ केल्यावर पासवर्ड वापरकर्त्याच्या सेटिंग फाइलमध्ये बेस६४ मध्ये लिहिला जातो. ते कूटबद्ध नसतं, कुणीही एका कमांडने उलगडू शकतं. म्हणून सर्व्हरना आम्ही वेगळं खातं दिलं, माणसांचं खातं सर्व्हरवर वापरायचं नाही असा नियम केला, आणि माणसांच्या मशीनवर पासवर्ड सुरक्षित ठेवणारा क्रेडेन्शियल हेल्पर बसवला.

रजिस्ट्रीपुढे एनजिनएक्स हा प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या घेऊन पुढे पोचवणारा सर्व्हर, ठेवला, कारण वेब इंटरफेस आणि रजिस्ट्री दोन्ही एकाच नावाखाली हवे होते. ठेवल्या ठेवल्या पुश अर्धवट व्हायला लागलं. छोटे लेयर जायचे, मोठे अडायचे, आणि लॉगमध्ये ४१३, म्हणजे विनंती फार मोठी असल्याचा नकार. एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती स्वीकारत नाही. ती मर्यादा शून्यावर, म्हणजे अमर्याद, ठेवली. तरी मोठा लेयर पुन्हा पुन्हा सुरू होऊन शेवटी थांबायचा. या वेळी कारण वेगळं होतं. पुश करताना रजिस्ट्री क्लायंटला सांगते की लेयरचा पुढचा भाग अमुक पत्त्यावर पाठव. आपण एचटीटीपीएसच्या मागे आहोत हे तिला प्रॉक्सीने कळवलं नसेल, तर ती एचटीटीपीचा पत्ता देते. मूळ प्रोटोकॉल कळवणारा हेडर (विनंतीसोबतची नोंद) पुढे पाठवायची एक ओळ घातली आणि पुश सुरळीत झालं. वाचनाची मुदतही १५ मिनिटांपर्यंत वाढवून घेतली.

आता वेब इंटरफेस. रजिस्ट्रीला स्वतःचा चेहरा नसतो. ब्राउझरने तिच्या पत्त्यावर गेलं तर कोरं पान दिसतं. आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक हार्बर, वेब इंटरफेससकट येणारा रजिस्ट्रीचा मोठा प्रकल्प. तो २०१६ मध्ये मुक्त झाला, २०१८ मध्ये त्याच फाउंडेशनमध्ये आला आणि २०२० मध्ये तिथला पूर्ण परिपक्व प्रकल्प ठरला. त्याच्या पोटातही डिस्ट्रिब्यूशनच असतं, पण वर प्रकल्पनिहाय परवानग्या, ट्रिव्ही या साधनाने इमेजची सुरक्षा तपासणी, न बदलता येणारे टॅग, जुने टॅग काढण्याचे नियम असं बरंच काही मिळतं. त्यासाठी पोस्टग्रेस, रेडिस हे डेटाबेस आणि आणखी पाच-सहा कंटेनर चालवावे लागतात. किमान २ सीपीयू, ४ जीबी मेमरी आणि ४० जीबी डिस्क लागते, शिफारस सीपीयू आणि मेमरीच्या दुपटीची, डिस्कच्या चौपटीची आहे. दुसरी वाट म्हणजे फक्त ब्राउझरमध्ये चालणारा हलका इंटरफेस. त्याला स्वतःचा डेटाबेस नसतो, तो रजिस्ट्रीच्या एपीआयला (इतर प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दाराला) प्रश्न विचारतो आणि आलेलं उत्तर नीट मांडून दाखवतो.

आम्ही सात जण, इमेज पंधराएक. मी हलका घेतला आणि त्या निर्णयाबद्दल आजही समाधानी आहे. पण एक गोष्ट मला तेव्हा नीट उमगली नव्हती. हार्बर जे नियम स्वतःहून पाळायला लावतो, ते हलक्या इंटरफेसमध्ये आपल्याला स्वतः बांधावे लागतात. याचा अर्थ पुढे कळला.

इंटरफेस आधी दुसऱ्या पोर्टवर लावला, तेव्हा पान उघडलं पण यादी रिकामी आली. ब्राउझरसाठी पोर्ट वेगळा म्हणजे साइटही वेगळी, त्यामुळे तो आधी परवानगी विचारणारी विनंती पाठवतो. तिच्यासोबत पासवर्ड नसतो, म्हणून रजिस्ट्री तिला ४०१, म्हणजे लॉगिन नसल्याचा नकार, देते आणि सगळंच अडतं. हेडर घालून हे सोडवता येतं, पण सोपा उपाय एनजिनएक्सच्या हातात होता. मूळ पत्ता इंटरफेसकडे, आणि व्ही२ ने सुरू होणारा मार्ग रजिस्ट्रीकडे. दोन्ही एकाच नावाखाली आले आणि प्रश्नच उरला नाही.

त्या संध्याकाळी स्क्रीनवर पहिल्यांदा आमच्या इमेजची यादी आली. प्रत्येकीपुढे टॅग, तयार झाल्याची तारीख, आकार, डायजेस्टची, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ठशाची, पहिली काही अक्षरं. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. फोन घेणारी सहकारी खुर्ची ओढून बसली आणि एकेक इमेज उघडून बघत राहिली.

आकाराचा रकाना बघून पहिला प्रश्न तिनेच विचारला. “या सगळ्यांची बेरीज डिस्कपेक्षा जास्त होतेय. असं कसं?” प्रश्न फार चांगला होता. रजिस्ट्रीत लेयर त्याच्या मजकुराच्या एसएचए-२५६ ठशाखाली ठेवला जातो. दहा इमेज एकाच पायावर उभ्या असतील तर तो पाया डिस्कवर एकदाच असतो, पण स्क्रीन तो प्रत्येक टॅगच्या आकारात धरते. शिवाय रजिस्ट्रीत लेयर दाबलेल्या रूपात असतात, म्हणून सर्व्हरवर डॉकर जो आकार सांगतो तो इथल्यापेक्षा मोठा दिसतो. एकाच इमेजचे तीन आकार, आणि तिन्ही बरोबर. हे समजावताना मी डिस्कवरची डिरेक्टरी उघडून दाखवली. एका बाजूला ब्लॉब, म्हणजे ठशांच्या नावाने ठेवलेला खरा मजकूर. दुसऱ्या बाजूला रिपॉझिटरी, म्हणजे इमेजच्या नावाचा कप्पा, तिच्यात टॅगांची नावं, आणि प्रत्येक टॅगखाली एक चिमुकली फाइल, जिच्यात फक्त एक डायजेस्ट लिहिलेला. टॅग म्हणजे एवढंच, डायजेस्टकडे बोट दाखवणारी चिठ्ठी. मी हे तिला सांगितलं, आणि दोन महिन्यांनी स्वतःच त्याचा अर्थ विसरले.

दोन महिन्यांत डिस्क ८० टक्क्यांवर गेली. प्रत्येक बिल्डचा एक टॅग साठत होता. जुने पुसायला हवे होते. रजिस्ट्रीत पुसण्याची सोय मुळात बंद असते, विनंती केली तर ४०५, म्हणजे ही कृती चालत नाही असा नकार, येतो. मी सेटिंगमध्ये ती सुरू केली, इंटरफेसमध्ये कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दिसायला लागलं, आणि चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याला म्हणाले, “तुझे जुने चाचणीचे टॅग काढून टाकशील का?” त्याने अगदी नीट काम केलं. ‘चाचणी’ने सुरू होणारे चाळीस टॅग निवडले, एकेक तपासले, पुसले. रिलीझच्या एकाही टॅगला हात लावला नाही.

तीन दिवसांनी नवा सर्व्हर उभा करत होते. चालू रिलीझ पुल केलं, म्हणजे रजिस्ट्रीतून उतरवायला घेतलं, आणि उत्तर आलं, असा मॅनिफेस्ट माहीत नाही. मॅनिफेस्ट म्हणजे इमेजच्या लेयरची यादी, टॅगखाली लिहिलेला डायजेस्ट तिचाच असतो. इंटरफेसमध्ये बघितलं तर तो टॅगच नव्हता. आधीची दोन रिलीझही गायब. चारही जुने सर्व्हर मात्र छान चालू होते, कारण त्यांच्याकडे इमेज आधीच उतरलेली होती. म्हणूनच तीन दिवस कुणाला पत्ता लागला नाही.

चूक कुठे झाली ते शोधायला त्या चिठ्ठ्यांपाशी परत यावं लागलं. आमची रिलीझ करायची पद्धत चांगली होती. चाचणीत पास झालेली इमेज पुन्हा बिल्ड करायची नाही, तिलाच रिलीझचा दुसरा टॅग लावायचा. जे तपासलं तेच ग्राहकाकडे जातं. म्हणजे ‘चाचणी-४१’ आणि ‘१.८.०’ या दोन चिठ्ठ्या होत्या आणि दोन्हींवर डायजेस्ट एकच. आणि रजिस्ट्रीच्या २ च्या मालिकेत आम्ही वापरत होतो तो पुसण्याचा मार्ग टॅगचा नसतो, मॅनिफेस्टचा असतो. इंटरफेस आधी त्या टॅगचा डायजेस्ट विचारतो आणि मग तो डायजेस्ट पुसायला सांगतो. मॅनिफेस्ट गेला की त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या चिठ्ठ्या जातात. सहकाऱ्याने स्क्रीनवर चाचणीचा टॅग निवडला होता, आणि पुसली गेली ती वस्तू. मी त्याला ते बटण दिलं होतं आणि बटणाचा अर्थ सांगितला नव्हता. तो बिचारा सकाळपासून माझ्याकडे येऊन “माझ्याकडूनच काही चुकलं का गं?” विचारत होता. नाही, त्याच्याकडून काहीच चुकलं नव्हतं, आणि ते मी सगळ्यांसमोर सांगितलं.

इमेज परत आल्या. चालू रिलीझ सर्व्हरवर होतंच, त्याआधीची दोन बिल्ड मशीनवर सापडली. तिथूनच पुश केलं. प्रत्येक लेयरपुढे ‘आधीच आहे’ असं आलं, कारण पुसण्याने डिस्कवरचा एकही ब्लॉब हललेला नव्हता. नव्याने लिहिले गेले ते मॅनिफेस्टचा दुवा आणि टॅग. सर्व्हरवर नोंदलेला डायजेस्ट आणि परत आलेला डायजेस्ट अक्षर न् अक्षर जुळवून बघितला. तोच होता. तेव्हा कुठे मी पाणी प्यायला उठले.

त्यानंतर दोन बदल केले. मुख्य पत्त्यावर एनजिनएक्स पुसण्याची विनंती पुढे जाऊच देत नाही, आणि तिथल्या इंटरफेसमध्ये ते चिन्हही नाही. पुसण्यासाठी वेगळा अंतर्गत पत्ता आहे, तो मी धरून टीममधल्या दोघांपुरता. रजिस्ट्रीच्या साध्या पासवर्ड फाइलमध्ये वाचणारा आणि लिहिणारा असा भेद नसतो, ज्याला लॉगिन आहे त्याला सगळंच करता येतं. हा भेद प्रॉक्सीत बांधावा लागतो. दुसरा बदल म्हणजे एक छोटी स्क्रिप्ट. पुसायच्या प्रत्येक टॅगचा डायजेस्ट ती आधी विचारते, त्या रिपॉझिटरीतल्या उरलेल्या सगळ्या टॅगांशी ताडते आणि दुसऱ्या कुणाचा तोच निघाला तर त्याला हात लावत नाही. डायजेस्ट विचारताना मॅनिफेस्टचा प्रकार हेडरमध्ये सांगावा लागतो, नाहीतर रजिस्ट्री जुन्या पद्धतीच्या मॅनिफेस्टचा वेगळाच डायजेस्ट देऊ शकते. त्यात माझी एक दुपार गेली.

आता डिस्क. चाळीस टॅग पुसूनही जागा तसूभर वाढली नव्हती. त्यानेच आम्हाला वाचवलं हे खरं, पण जागा हवीच होती. पुसण्याने फक्त दुवे जातात. मजकूर काढायला गार्बेज कलेक्शनची कमांड वेगळी चालवावी लागते. ती आधी उरलेले सगळे मॅनिफेस्ट वाचून त्यांना लागणाऱ्या ब्लॉबवर खूण करते, मग बिनखुणेचे ब्लॉब काढून टाकते. या दोन टप्प्यांच्या मध्ये कुणी पुश करत असेल तर मोठा घोटाळा होतो. पुशमध्ये लेयर आधी पोचतात, मॅनिफेस्ट शेवटी. नुकत्याच आलेल्या लेयरचा मालक अजून यायचा असतो, म्हणून कमांड त्यांना बेवारस समजून उचलते. म्हणून रजिस्ट्री बंद तरी ठेवायची किंवा फक्त वाचता येईल अशी करायची.

मला सर्व्हरचं पुल थांबवायचं नव्हतं. म्हणून रजिस्ट्रीला हात न लावता एनजिनएक्समध्ये वाचण्याच्या विनंत्या तेवढ्या चालू ठेवल्या. आधी कोरडी चाचणी (काहीही न पुसता नुसती तालीम) करून काय काय जाणार ती यादी वाचली, मग खरी कमांड चालवली. डिस्क ८० वरून ४७ टक्क्यांवर आली. सगळं खुलं केलं आणि घरी गेले.

सकाळी एका सहकाऱ्याचं पुश यशस्वी झालेलं, सगळे लेयर ‘आधीच आहे’, आणि तीच इमेज पुल होत नव्हती. लेयर सापडत नाही म्हणे. एकच रजिस्ट्री पुश करणाऱ्याला आहे म्हणत होती आणि पुल करणाऱ्याला नाही म्हणत होती! कारण रजिस्ट्री ब्लॉबची माहिती मेमरीत लक्षात ठेवते, मूळ सेटिंगमध्येच ते असतं. गार्बेज कलेक्शन ही वेगळी प्रक्रिया, तिने डिस्कवरून ब्लॉब काढले, पण चालू रजिस्ट्रीला ते कुणी सांगितलं नाही. तिच्या आठवणीत ते अजून होते. कंटेनर एकदा रीस्टार्ट केला, पुश पुन्हा केलं, झालं. मी रजिस्ट्री बंद करून काम केलं असतं तर हे उद्भवलंच नसतं. सर्व्हरचं पुल दहा मिनिटं थांबलं असतं तर काहीच बिघडणार नव्हतं. आता रविवारी पहाटे रजिस्ट्री थांबते, साफसफाई होते, रजिस्ट्री नव्याने उठते.

टॅग नसलेले मॅनिफेस्टही काढून टाकायचा एक पर्याय त्या कमांडला आहे. तो आम्ही वापरत नाही. आमच्या दोन इमेज दोन प्रकारच्या प्रोसेसरसाठी बनतात. तिथे टॅग असतो तो यादीच्या मॅनिफेस्टला, आणि खालच्या खऱ्या इमेजना स्वतःचा टॅग नसतो. २ च्या मालिकेत हा पर्याय त्यांनाही बेवारस धरून काढतो. थोडी जागा जास्त गेली तरी चालेल.

बॅकअपसाठी फार विचार लागला नाही, सगळं एका डिरेक्टरीत असतं. पण रजिस्ट्री चालू असताना कॉपी करायची तर क्रम महत्त्वाचा. आधी रिपॉझिटरी, म्हणजे चिठ्ठ्या, आणि मग ब्लॉब. चिठ्ठी लिहिली जाते तेव्हा तिचा मजकूर डिस्कवर आलेला असतोच, त्यामुळे कॉपी झालेली प्रत्येक चिठ्ठी पुढे मजकुरापर्यंत पोचते. उलट केलं तर मधल्या वेळात आलेली चिठ्ठी मजकुराशिवाय बॅकअपमध्ये बसते. मध्ये साफसफाई चालायला नको, एवढं वेळापत्रकात बघितलं. मग एका रिकाम्या मशीनवर तो बॅकअप ठेवला, रजिस्ट्री चालवली आणि प्रत्येक रिलीझ खरोखर पुल करून बघितलं. सगळी उतरली.

शेवटचा बदल लहान होता. कुठली इमेज चालवायची ते सांगणाऱ्या सर्व्हरच्या कंपोझ फाइलमध्ये आता टॅगच्या पुढे डायजेस्टही लिहितो. दोन्ही लिहिले की डॉकर डायजेस्टप्रमाणेच इमेज आणतो. टॅग माणसाला वाचता यावा म्हणून राहतो. प्रत्येक सर्व्हर चालू इमेजचा डायजेस्ट एका साध्या पानावर लिहितो, आणि त्या पानाचा दुवा रजिस्ट्रीच्या इंटरफेसशेजारी ठेवलाय.

गेल्या महिन्यात मी रजेवर होते. संध्याकाळी फोन घेणाऱ्या सहकारीचा संदेश आला, “तिसऱ्या सर्व्हरची पहिली आठ अक्षरं १.९.२ शी जुळत नाहीत, १.९.१ शी जुळतात.” सर्व्हर एक रिलीझ मागे राहिला होता. मी बिल्ड बघणाऱ्याला तो संदेश तसाच पुढे पाठवला. पंधरा मिनिटांनी तिचा दुसरा संदेश आला, “आता जुळली.”